काचेच्या आतलं पाणी

जयमालाबाईंच्या नावाला पहिल्यांदा घाम फुटला तो दिवाळी होऊन थंडी पडू लागली तेव्हा. नाव म्हणजे खिडकीतल्या बोर्डावरचं नाव. तलासरीच्या बाजारात, तहसील कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान. जेमतेम एक गाळा. पुढे शटर, शटरला लागून जाळी मारलेली काचेची खिडकी, आणि त्या काचेला आतून टेकवून उभा केलेला दिव्याचा बोर्ड. 'जयमाला लेडीज टेलर' अशी गुलाबी अक्षरं आणि खाली बारीक 'ब्लाऊज, फॉल, पिको'. दुकान सुरू झालं तेव्हा मुलाने, यतीनने, हौसेने करून दिलेला. एके सकाळी त्या अक्षरांच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब दिसले. दुपारपर्यंत सुकले आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर झाले.

आश्रमशाळेतल्या दक्षा मॅडम ब्लाऊजचं माप द्यायला आल्या, त्या खिडकीपाशी वाकून बघत राहिल्या. तुमच्या नावाला घाम सुटलाय की हो, असं म्हणून हसल्या. जयमालाबाईही हसल्या, पण टेप गळ्यात अडकवून त्यांना लगेच आत मशीनकडे घेऊन गेल्या. ती खिडकी कुणी निरखून बघावी असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. कारण जयमालाबाई त्या दुकानातच राहत होत्या, आणि हे जगात कुणालाही माहीत नव्हतं.

माहीत होऊ नये म्हणून त्यांनी केलेला बंदोबस्त बघण्यासारखा होता. दिवेलागण झाली की शेजारच्या स्टेशनरीवाल्याला ऐकू जाईल अशा बेताने शटर खाली ओढायचं, बाहेरून कुलूप लावायचं, पर्स खांद्याला अडकवून जीपच्या स्टँडकडे चालू लागायचं. स्टँडपाशी थोडी मेथी नाहीतर वांगी घ्यायची, दोनचार ओळखीच्या चेहऱ्यांना मान डोलवायची, आणि मग मागच्या बोळातून वळसा घालून गाळ्याच्या मागच्या दाराने आपल्याच दुकानात चोरासारखं शिरायचं. पुढचा दिवा लावायचा नाही. भात-आमटी इंडक्शनवर, कापडं बेतायच्या टेबलाच्या आडोशाला. अंथरूण त्याच टेबलाखाली. सकाळी उजाडायच्या आत न्हाणं-धुणं उरकून, ओल्या साड्या आतल्या दोरीवर वाळत टाकून, पुन्हा मागच्या दाराने बाहेर पडायचं आणि स्टँडकडून येतोय असं दाखवत पुढून शटर उघडायचं. एखाद्या बाईने एवढी मेहनत दुसऱ्या कशासाठी घेतली असती तर तिचं कौतुक झालं असतं.

बहीण निर्मला आशागडला राहायची. तिला वाटे, जयू वापीला मुलाकडे राहते आणि रोज जीपने तलासरीला येऊन-जाऊन करते. वापीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या यतीनला वाटे, आई निर्मलामावशीकडे राहते आणि आशागडहून येऊन-जाऊन करते. दोघांना एकमेकांकडून खरं कळायचा धोका नव्हता, कारण यतीनच्या लग्नात आहेराची साडी बदलली गेली होती. निर्मलासाठी काढलेली पैठणी चुकून व्याह्यांच्या कुठल्याशा आत्याबाईंना गेली आणि निर्मलाच्या हातात पडली ती कामवालीला द्यावी तसली. निर्मलाने ती घडी न मोडता मांडवातल्या खुर्चीवर ठेवली आणि न जेवता निघून गेली. तेव्हापासून मावशी-भाच्याचं बोलणं बंद. तो रुसवा काढण्यासाठी जयमालाबाईंनी सुरुवातीला उंबरे झिजवले. पुढे मात्र त्यांना त्याचा उपयोग समजला आणि त्यांनी प्रयत्न सोडून दिला.

यतीनच्या घरातून त्यांना कुणी काढलं नव्हतं, हेही सांगायला हवं. सून रुचिता वाईट मुलगी नव्हती. यतीनचे वडील, काशीनाथ, डहाणू रोड स्टेशनवर रेल्वेत पॉइंट्समन होते. ते नोकरीत असतानाच गेले, त्यांच्या जागी यतीन लागला, डहाणूचं क्वार्टर सुटलं आणि जयमालाबाई वापीच्या दोन खोल्यांत मुलाकडे आल्या. एकदा त्या भाजी घेऊन परतल्या तेव्हा आतून नवरा-बायकोच्या हसण्याचा आवाज येत होता. अगदी पोट धरून चाललेलं हसणं. त्यांनी दार लोटलं आणि हसू थांबलं. कुणी तोंड वाकडं केलं नाही, रुचिताने उठून हातातली पिशवीही घेतली. फक्त हसू थांबलं. मग जयमालाबाई पुढच्या खोलीत असल्या की ते नेहमीच थांबतं, हे त्यांच्या लक्षात येऊ लागलं आणि एकदा लक्षात आलेली गोष्ट पुन्हा विसरता येईना. तलासरीत गाळा मिळाला तेव्हा त्यांनी सांगून टाकलं की मावशीकडे राहीन, तिला सोबत होईल. यतीन म्हणाला, तुला बरं वाटेल तसं कर.

पण या सगळ्या लपवाछपवीच्या तळाशी जयमालाबाईंनी एक गोष्ट जपून ठेवली होती. यतीनला कळलं तर तो त्याच दिवशी येईल. ड्यूटी टाकून येईल, रागावेल, अंथरूण गुंडाळेल आणि आपल्याला गाडीवर मागे बसवून घेऊन जाईल. याची त्यांना खात्री होती. तो येत नव्हता कारण त्याला माहीत नव्हतं. टेबलाखाली पडल्या पडल्या हायवेवरच्या ट्रकांची घरघर ऐकताना त्या खात्रीनेच त्यांना झोप लागायची. म्हणून तर त्याला कळता कामा नये, असं त्यांना वाटे. त्यातली खरी गोम त्यांनी स्वतःलाही कधी सांगितली नव्हती.

बोर्ड ज्याने बनवला होता तो दीपेश, चारोटीला हायवेवर त्याचा कारखाना. माणूस मूळचा संजाणकडचा, घरात गुजराती, गिऱ्हाइकांशी मराठी आणि वैतागला की हिंदी. थेंब हटेनात तेव्हा जयमालाबाईंनी त्याला फोन केला. त्याने येऊन बोर्ड उलटापालटा करून पाहिला आणि पावसाळ्यात कुठून तरी पाणी आत गेलंय, असं सांगितलं. मग वायर जाण्याचं भोक सोडून बोर्डाच्या डब्याचे सगळे सांधे सिलिकॉनने बुजवले. जाताना त्याने बोर्डाचा फोटो काढला. जयमालाबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, ऑर्डर यतीनभाईची आहे, केलेल्या कामाचा फोटो ऑर्डरवाल्याला पाठवायचा अशी आपली पद्धत. त्यात काळजी करण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही.

आठवडा गेला आणि थेंबांचे ओघळ झाले. आत शिरलेल्या पाण्याला आता बाहेर पडायला फटसुद्धा राहिली नव्हती. 'टेलर'मधल्या 'ट'च्या मागची दिव्यांची पट्टी लुकलुकायला लागली. दीपेश पुन्हा आला. या खेपेला त्याचा संशय खिडकीवर होता. पहाटेचं दव काचेच्या कडेने आत झिरपत असणार. त्याने खिडकीची चौकट चारी बाजूंनी सील केली, डब्याच्या तळाला पाणी निथळायला बारीक भोकं पाडली आणि आता विसरा, असं सांगून गेला. त्या रात्री दुकानात इतकं कोंडल्यासारखं झालं की जयमालाबाईंना दोनदा उठून मागचं दार किलकिलं करावं लागलं. सकाळी बोर्डच काय, अख्खी काच आतून पांढरी झाली होती.

मधे निर्मलाच्या नातवाचं बारसं झालं म्हणून त्या एक रात्र आशागडला राहिल्या. तिथे निर्मलाने विचारलं, यतीनची बायको नीट बघते ना गं तुझं? जयमालाबाई म्हणाल्या, बघते की. सकाळी परत येऊन शटर वर केलं तर बोर्ड कोरडा. अक्षरं लख्ख, काच स्वच्छ. आधी त्यांना आनंद झाला. मग त्या तिथेच, शटरखाली, उंबऱ्यावर बसल्या. दीपेशला न उलगडलेलं कोडं त्यांना उलगडलं होतं. पाणी पावसाचं नव्हतं, दवाचं नव्हतं. त्यांच्या भाताची वाफ, त्यांच्या वाळत घातलेल्या साड्या, त्यांचा रात्रभराचा श्वास. थंड काचेवर तेच सगळं जमत होतं आणि सकाळी त्यांच्याच नावाच्या आत उभं राहत होतं.

मग त्यांनी स्वतःच्या राहण्याचं पाणी कमी करायचा सपाटा लावला. भात बंद केला, पाव आणि शेव खाल्ली. साड्या मागच्या बोळात वाळत घातल्या. तिथे कुत्र्यांनी एक फाडली. टेबलासकट अंथरूण खिडकीपासून दूर, पार मागच्या दाराला लावलं. थेंब कमी झाले, पण गेले नाहीत. माणूस काय काय सोडू शकतो? जेवण सोडता येतं, धुणं बाहेर नेता येतं. श्वास घेणं काही थांबवता येत नाही, आणि दुकानाला तो सोसवत नव्हता. एवढ्याशा जागेतही आपली अडचणच होते, हे मनात येऊन त्या दिवशी त्यांना भर दुपारी मशीनवर रडू आलं. समोर गिऱ्हाईक नव्हतं म्हणून निभावलं.

दीपेश मात्र आता इरेला पेटला होता. त्याच्या बोर्डाची अब्रू जात होती. त्याने विचारलं, दुकानात वाफ कशाची होते? जयमालाबाई म्हणाल्या, इस्त्रीची. मग काही दिवस इस्त्री बाहेरून करून आणा, असं त्याने सांगितलं, आणि त्यांनी मुकाट्याने आणली. काहीच फरक पडला नाही. शेवटी एका संध्याकाळी तो प्लास्टिकचा एक पारदर्शक तुकडा घेऊन आला आणि बोर्डाशेजारी काचेला आतून चिकटपट्टीने चारी कडांनी डकवला. सकाळी पाणी प्लास्टिकच्या मागे, काचेकडे दिसलं तर ओल बाहेरची. प्लास्टिकच्या पुढे, खोलीकडे दिसलं तर आतली. एवढा सोपा हिशोब. तो तुकडा काढून टाकावा की पुसून ठेवावा, या विचारात जयमालाबाई झोपल्या आणि थकव्याने त्यांना नेहमीपेक्षा उशिरा जाग आली.

जाग आली ती मोटारसायकलच्या आवाजाने. बाहेर नुकतं फटफटत होतं. खिडकीशी दीपेश उभा होता. त्याला तलासरीतच दुसरं काम होतं म्हणून तो सकाळी लवकर आला असावा. जाळीत तोंड घालून तो मोबाइलच्या उजेडात काच बघत होता. जयमालाबाई टेबलाखाली पाय पोटाशी घेऊन तशाच पडून राहिल्या. उजेड काचेवरून फिरला, कुत्र्यांच्या भीतीने रात्री पुन्हा आतल्या दोरीवर टाकलेल्या परकरावर जरा थांबला, मग विझला. दीपेश बाहेर कुणाशी तरी मोबाइलवर बोलत असल्यासारखा आवाज आला आणि तोही थांबला. त्यांनी अंधारात साडी नेसली, तोंडावर पाण्याचा हबका मारला, मागच्या दाराने बाहेर पडून बोळातून स्टँड गाठला आणि तिथून पर्स खांद्याला लावून चालत आल्या.

"लवकर आलात दीपेशभाई," त्या म्हणाल्या.

"तुम्ही पण," दीपेश म्हणाला. त्याने स्टँडकडे पाहिलं. तिथे अजून एकही जीप लागली नव्हती. मग त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कानामागे चिकटलेल्या ओल्या बटा पाहिल्या आणि तो चटकन दुसरीकडे बघू लागला.

शटर उघडलं. प्लास्टिकच्या तुकड्यावर खोलीकडच्या अंगाने थेंबच थेंब होते. दीपेशने त्यातून बोट ओढलं, ओलं बोट पँटला पुसलं. मग हलक्या आवाजात त्याने सगळं समजावून सांगितलं. रात्री बोर्ड बंद केला की डबा गार पडतो. गार पडला की आतली हवा आकसते आणि वायरच्या भोकातून खोलीतली दमट हवा आत ओढली जाते. आपण बाहेरून बुजवत बसलो आणि पाणी होतं आतलं. चूक आपलीच, असं तो म्हणाला. एवढं बोलून तो थांबला, आणि त्याला जे विचारायचं होतं ते त्याने विचारलं नाही.

"मीच राहते इथे," जयमालाबाई म्हणाल्या. कुणाला तरी सांगितलं याचंच त्यांना नवल वाटलं. "यतीनला तेवढं कळू देऊ नका."

दीपेशचा चेहरा उतरला. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि मघाशी पाठवलेला आवाजी मेसेज त्यांना ऐकवला. त्याचाच उत्साही आवाज होता तो, अखेर सापडलं म्हणून खूश झालेल्या माणसाचा: "यतीनभाई, बोर्डात काय वांधो नाय. पाणी दुकानातनं येते. रात्री बंद दुकानात कोण तरी झोपते, कपडे पण सुकवते. तुमच्या आईला विचारून घ्या, कोणाला चावी दिलेली काय. हवा जायला जागा करावी लागेल." खाली काचेच्या फोटोत थेंबांच्या मागे दोरी आणि परकर स्पष्ट दिसत होते. तो परकर यतीनने लहानपणापासून दोरीवर पाहिला होता, त्याच निळ्या काठाचा.

दीपेश माफी मागत राहिला. मला काय माहीत बेन, मला वाटलं कोण वॉचमन घुसतो. जयमालाबाईंनी त्याला चहा पाजला. त्यांना त्याचा राग आला नव्हता. खरं सांगायचं तर भीती वाटत होती आणि त्या भीतीच्या मागे कुठेतरी, चोरटा, लाज वाटावी असा आनंद होता. आता तो येणार होता.

त्या दिवशी त्यांनी दुकान झाडून काढलं. अंथरुणाची वळकटी करून दोरीने बांधली. कपडे एका बॅगेत भरले आणि बॅग दाराशी ठेवली. दक्षा मॅडमचे ब्लाऊज लग्नसराईच्या रांगेत मागे होते, ते पुढे घेऊन पुरे केले. काही दिवस दुकान बंद राहील असं त्यांना मोघम सांगूनही टाकलं. मनात बोलणी तयार होती. अरे, रोज नाही काही, उशीर झाला की कधीमधी. मग तो ओरडेल. मग आपण म्हणू, रुचिताला कशाला त्रास. मग तो आणखी ओरडेल. वापीहून तलासरी ती काय लांब आहे? बाहेर मोटारसायकल थांबली की त्यांचा पाय मशीनवर थांबायचा. संध्याकाळी त्यांनी वळकटी सोडली, सकाळी पुन्हा बांधली. यतीनची साप्ताहिक सुट्टी आली आणि गेली.

रविवारी नेहमीसारखा त्याचा फोन आला. त्याने तब्येत विचारली, गुडघा विचारला. रुचिताच्या माहेरचे आलेत म्हणाला. मग म्हणाला, मावशी काय म्हणते? मावशी बरी आहे, जयमालाबाई म्हणाल्या. नातवाचं बारसं झालं तिच्या. यतीन म्हणाला, चांगलं झालं. मागे रुचिता कुणाशी तरी हसत होती. मग त्याने फोन ठेवला.

जयमालाबाईंनी त्यातून अर्थ काढला तो असा, की त्याने मेसेज ऐकलाच नाही. ड्यूटीच्या गडबडीत राहून गेला असेल. कारखानेवाल्यांचे मेसेज कोण ऐकतं? त्यांच्या जिवात जीव आला. बॅग त्यांनी दाराशीच राहू दिली, ऐकेल कधीतरी.

मंगळवारी दीपेश आला तो खोकं घेऊन. खोक्यात छोटा एक्झॉस्ट पंखा होता. मागच्या भिंतीत, वरच्या बाजूला, दारावर बसवायचा. खोलीतली दमट हवा रात्रभर बाहेर फेकली जाईल आणि बोर्ड कोरडा राहील. तो शिडी मांडायला लागला, तेव्हा वाटेतली बॅग बाजूला करू का, असं त्याने विचारलं. जयमालाबाईंनी विचारलं, पंखा कुणी सांगितला?

"यतीनभाईनी. ऑर्डर त्यांचीच." दीपेश ड्रिलचं पातं बसवत होता, वर बघत नव्हता. "मोठा नको बोलले, छोटा घे पण आवाज न करणारा घे. आईची झोप मोडायला नको, बोलले. चारोटीला तसा मिळत नव्हता, म्हणून मला टाइम लागला."

"कधी बोलले?"

"त्याच दिवशी. मी मेसेज टाकला, तुमच्याकडे चहा पिऊन निघालो, तेव्हाच फोन आला."

जयमालाबाईंनी मान हलवली. म्हणजे रविवारी मावशीची चौकशी केली तेव्हा त्याला माहीत होतं. त्यांना वाटलं आता रडू येईल, पण आलं नाही. मुलगा वाईट नव्हता. आईची झोप मोडू नये एवढी काळजी त्याला होती. आणि ती काळजी वापीहून तलासरीपर्यंत पंख्याच्या खोक्यातून आली होती, तो आला नव्हता. इतके दिवस त्या त्याच्यापासून एक गोष्ट लपवत होत्या. आता ती लपवायचं काम त्याने आपणहून अर्धं उचललं होतं.

दीपेशने भिंत फोडली. विटांचा चुरा पडला आणि वरच्या भोकातून बोळातल्या उजेडाचा एक गोल आत आला. जयमालाबाईंनी बॅग उचलली, रिकामी करून पोटमाळ्यावर टाकली आणि साड्या पुन्हा दोरीवर घातल्या, दीपेशच्या देखत. पंखा बसला. तो खरंच आवाज करत नव्हता. कागदाचा कपटा धरून पाहावं तेव्हा कळे की चालू आहे. दीपेशने वायर भिंतीवरून खाली आणली आणि पट्टी ठोकायच्या आधी विचारलं, बटण कुठे देऊ, दाराजवळ की मशीनजवळ?

जयमालाबाई वाकल्या. कापडं बेतायच्या टेबलाखाली भिंतीवर त्यांनी हात ठेवला.

"इथं द्या," त्या म्हणाल्या. "उशाशी."